तारीख दिसते, पण माणूस घरी कधी?

प्रश्न : धाकटा भाऊ अमेरिकेत फेडरल जेलमध्ये आहे, शिक्षा 60 महिन्यांची. ऑनलाइन तारीख बरीच आधीची दाखवतंय, आणि तो म्हणतो हाफवे हाऊसला पाठवतील. आई रोज विचारते, काय सांगू? - एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, ती तारीख चुकीची नाही. तिकडं चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त 54 दिवस सुटतात, म्हणजे 5 वर्षांचे 270, ते आधीच वजा करून दाखवतात, पण आत भांडणबिंडण केलं की त्यातले दिवस कापले जातात, त्यामुळं तारीख हलते.

हाफवे हाऊस म्हणजे सुटका नव्हे हो, शिक्षेचाच शेवटचा भाग, राहायचं त्यांच्या देखरेखीत आणि बाहेर काम शोधायचं. 2018 च्या फर्स्ट स्टेप कायद्यातले क्रेडिट वेगळे, म्हणजे आतल्या सुधारणा कार्यक्रमांत भाग घेऊन कमवायचे दिवस, त्यांनी हाफवे हाऊस किंवा सुटका लवकर मिळू शकते.

आता खरा मुद्दा, भाऊ तिकडचा नागरिक आहे का? नसेल आणि इमिग्रेशनचा डिटेनर, म्हणजे सुटताना याला आमच्या ताब्यात द्या अशी नोटीस, लागला असेल तर हाफवे हाऊस बहुतेक मिळत नाही, आणि देशाबाहेर काढायचा अंतिम आदेश झाला असेल तर ते क्रेडिटही वापरता येत नाहीत, जेलमधून थेट इमिग्रेशनच्या ताब्यात. त्याच्या केस मॅनेजरला, म्हणजे त्याची फाइल बघणाऱ्या जेलच्या कर्मचाऱ्याला, हेच विचारायला सांगा, आणि तोवर आईला पक्की तारीख सांगू नका.