कंसातलं वाक्य

‘मी 42 वर्षांची, पुण्यात आयटीत. नवरा कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे. परस्परसंमतीने वेगळे होतोय, लेकीचं ठरलंय. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावावर, पण 12 वर्षं हप्ता माझ्याच पगारातून गेला. आजची किंमत 95 लाख, कर्ज 23 लाख बाकी. 2017-18 मध्ये मी 14 महिने श्टुटगार्टला होते (तेव्हा त्याने तास सोडले होते), परत आल्यावर मॅनेजर झाले. त्याला 8 लाख देऊन फ्लॅट माझ्या नावावर करायचाय. तो म्हणतो, तू म्हणशील ते. सोबत सगळ्या खर्चाचा एक्सेल जोडलाय. 8 लाख योग्य आहेत ना?’
– हिशेबी, कोथरूड

नाही.

एक्सेल दोनदा पाहिला. त्यात डोशाचा तवा आहे, 1,150 रुपयांचा. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गणपतीची वर्गणीसुद्धा वर्षवार आहे. आणि माणसाने काम सोडलं, ते मात्र पत्रात, कंसात!

सीएचबी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर वर्षी नवी नेमणूक, तास घेतला तर पैसे, मे महिना कोरडा. तिथून एकदा उठलेल्या माणसाची जागा कोणी रुमाल टाकून धरून ठेवत नाही. तो उठला, कारण घरात लहान पोर होती आणि तुम्हाला जायचं होतं. मेहनत तुमचीच, कबूल. पण त्या बढतीनंतरच्या प्रत्येक पगारात ते 14 महिने आहेत, आणि हप्ता त्याच पगारातून गेलाय. आता तिथे पाळणाघराचा दर टाकून नवी ओळ वाढवू नका, हात जोडते.

कायदा तुम्हाला फारसा अडवणार नाही. हिंदू विवाह कायद्यात निम्मं-निम्मं असं सूत्रच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मिळकत मुळातच निम्मी धरतात. इथे बरंचसं कमावणाऱ्याच्या मनावर सुटतं. तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगी नवराही मागू शकतो. त्याने मागितलेली नाही. तो ‘तू म्हणशील ते’ म्हणतो, आणि तुम्ही त्याला संमती समजताय. माझी आई साडीच्या दुकानात हेच वाक्य म्हणायची. तिला साडी आवडलेली नसायची. पाकीट बाबांच्या खिशात असायचं.

95 मधून 23 गेले, राहिले 72. त्याला 36 लाख द्या. एकदम जमत नसतील तर तारखांसकट हप्ते बांधा, आणि संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोन अर्ज होतात, त्यातल्या दुसऱ्याआधी ते संमतीच्या अटींमध्ये लिहून घ्या. हप्त्यांची तुम्हाला सवय आहेच. हा आकडा वकिलाकडून कळवू नका. स्वतः समोर बसून सांगा, आणि 36 का, तेही सांगा.

आणि कर्जातून त्याचं नाव बँकेकडून लेखी कमी करून घ्या. तुमच्या घटस्फोटाशी बँकेला घेणं-देणं नाही. उद्या तुमचा हप्ता चुकला तर वसुलीचा फोन त्यालाही जाईल, बहुतेक तास चालू असताना.