भाडेकरूची झेरॉक्स मिळाली, पण तपासली का?

प्रश्न : कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६ हजार. एजंटने नोकरी करणारं एक जोडपं आणलं आहे. आधार, पॅन, पगारपत्रकं, सगळ्याच्या झेरॉक्स मिळाल्या. एवढं पुरे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नाही. झेरॉक्सवरून माहिती मिळते; ती खरी आहे की नाही, हे अजून बघायचं आहे. बहुतेक मालक नेमके इथेच थांबतात आणि मनस्ताप ओढवून घेतात.

आधी आधार. मूळ कार्ड मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो मोबाइलवर दिसेल. तो चेहरा समोरच्या माणसाशी ताडून पाहा. कार्डावरचा फोटो किंवा पत्ता बदलून झेरॉक्स काढणं सोपं आहे, पण क्यूआरमधल्या मजकुराला डिजिटल सही असते, त्यात फेरफार चालत नाही. फाइलला मात्र शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार लावा. दुसऱ्याचा पूर्ण नंबर आपल्या घरात पडून राहणं बरं नाही.

मग ३ महिन्यांची पगारपत्रकं आणि त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारीशेजारी ठेवा. पत्रकाच्या तळाला नेट पे (कपातीनंतर हातात येणारा पगार) ४८,३१२ असेल, तर बँकेत कंपनीच्या नावाने ४८,३१२च जमा झालेले दिसायला हवेत. थोडा जरी फरक असेल तर कारण विचारा. पीएफची कपातही पाहा. ती सहसा बेसिकच्या १२ टक्के असते, किंवा कंपनी पीएफसाठीची पगाराची कायदेशीर मर्यादा धरत असेल तर १,८०० रुपये. बनावट पत्रकात बेरीज जुळवलेली असते, हा आकडा बरेचदा चुकतो. स्टेटमेंट बँकेच्या पीडीएफमध्येच घ्या, स्क्रीनशॉट नको. चेक किंवा ईएमआय परत गेल्याची एखादी नोंद समजून घेता येते. दर महिन्याला दिसली तर भाडंही तसंच अडकणार. ईएमआय वजा जाता दोघांच्या हातात जे उरतं, त्याच्या एक तृतीयांशात भाडं बसावं. तुमच्या २२ हजारांसाठी ते ६६ हजार हवेत.

कंपनीत फोन करायचा तर नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, भाडेकरूने दिलेला नको.

आणि जुन्या मालकाशी बोला. आत्ताच्या मालकाशी तर बोलाच, पण त्याच्या आधीच्याशीही. आत्ताच्याला भाडेकरू घालवायचा असेल तर तो गोडच बोलेल. जुन्या करारातलं मालकाचं नाव आणि स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला भाडं ज्याच्या खात्यावर गेलं ते नाव एकच आहे ना, हे आधी बघा, नाहीतर फोनवर भाडेकरूचा मित्रच असायचा. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं की ‘चांगला आहे’ यापलीकडे काही कळत नाही. भाडं किती तारखेला यायचं, लाइटबिल थकलं होतं का, डिपॉझिटमधून किती कापले आणि कशाचे, हे विचारा.

प्रश्न : एजंट म्हणतो, ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी पुरेशी आहे. खरं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात तरी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका पुढेच आहे : नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं.

खर्च फार नाही. एकूण भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. २२ हजार भाडं, ६६ हजार डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर २,४२,००० भाडं अधिक ६,०५० व्याज यांवर साधारण ६२० रुपये होतात. शिवाय शहरी हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. घरबसल्या ई-नोंदणी करताना अंगठ्याचा ठसा आधारशी जुळवला जातो, त्यामुळे ओळखीची आणखी एक खातरजमा आपोआप होते. अंगठा द्यायला जो आज-उद्या करतो, त्याच्या हाती चावी देऊ नका. मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचंही विसरू नका. मुंबई-पुण्यात ती ऑनलाइन भरता येते. राहायला येण्याआधीच भरा आणि पोच जपून ठेवा.

प्रश्न : जाहिरात टाकल्यावर एकाचा फोन आला. म्हणाला, ‘लष्करात आहे, बदली झाली, घर पाहायला वेळ नाही, डिपॉझिट लगेच पाठवतो’ आणि क्यूआर कोड धाडला. स्कॅन करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करू नका. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. सोबत आलेलं लष्कराचं ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो याला पुरावा समजू नका. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. घर न पाहता डिपॉझिट देणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

प्रश्न : कमिटी म्हणते, भाडेकरूची मुलाखत आम्ही घेणार, बॅचलर आणि ‘दुसऱ्या समाजाचे’ नकोत. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. ८ दिवस आधी लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. कोणाची जात, धर्म किंवा लग्न झालं आहे का, यावरून भाडं वेळेवर येईल का हे कळत नाही, आणि तसं विचारणं अन्यायाचंच आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि त्या हिशेबात पालिकेचे कर धरायचे नसतात. बिल आलं की हा आकडा तपासून पाहा.