पेलेटची शेगडी धूर का करते?

प्रश्न : आमची सिडकोत छोटी मेस आहे, रविवारी मिसळ पण असते. कमर्शियल सिलेंडर परवडेना म्हणून ब्लोअरवाली पेलेट शेगडी, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर चालणारी, घेतली. सुरुवातीला धूर अजिबात नव्हता, आता कट उकळत ठेवला की थोड्या वेळात जाळ लालसर पडतो, पातेली काळीकुट्ट होतात आणि खाली जाळीवर दगडासारखे खडे जमतात. दुकानदार म्हणतो ब्लोअर वाढवा, वाढवला की ठिणग्या उडतात. शेगडीच खराब निघाली का?
— एक ताई, सिडको

उत्तर : ताई, शेगडी बदलायची घाई करू नका, मला तर हा सगळा हवेचा आणि राखेचा प्रॉब्लेम वाटतोय. या शेगडीत हवा दोन ठिकाणी लागते, एक खालून जाळीतून येते ती पेलेट पेटते ठेवते आणि दुसरी वरच्या कडेच्या भोकांमधून येते ती पेलेटमधून निघणारा गॅस जाळते, आणि तो गॅस जळला नाही की त्याचाच धूर नि काजळी होते. तुमच्याकडे कट उकळतो म्हणजे तर्री उतू जात असणारच, ती तेलकट तर्री वरच्या भोकांवर पडून भाजते, तिच्यावर राख बसते आणि भोकं बुजतात. बाहेरून बघितलं तर शेगडी स्वच्छ दिसते, बॅटरी मारून आत बघा म्हणजे कळेल.

रोज सकाळी पेटवायच्या आधी, शेगडी पूर्ण गार असताना आणि ब्लोअरचा प्लग काढून, जाळी उचलून तारेच्या ब्रशने घासा, वरचं एकेक भोक बारीक सळईने मोकळं करा, आणि जाळीच्या खालचा कप्पा विसरू नका, बहुतेक लोक वरची राख काढतात आणि खालची तशीच राहते, मग ब्लोअर फिरतो पण हवा वर येतच नाही. आठवड्यातून एकदा ब्लोअरच्या पात्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा. पेलेट भरताना वरच्या भोकांच्या खालीच ठेवा, सारखं उठायला नको म्हणून गच्च भरलं की धूर होणारच, थोडं थोडं टाकत राहा.

आता खडे. राखेतलं पोटॅश आणि माती-रेती जास्त तापली की वितळते आणि गार झाली की तिचा दगड होतो, त्यामुळे ब्लोअर वाढवून जाळीवरची उष्णता वाढवली तर खडे आणखी होतात, दुकानदाराचा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पेटवताना थोडा वेळ जोरात, नंतर मध्यम ठेवा. आणि माल तपासा. १०० ग्रॅम पेलेट पूर्ण जाळून राख तोला, निव्वळ लाकडाच्या भुशाची असेल तर एक-दोन ग्रॅम निघते, शेतातल्या काडीकचऱ्याची असेल तर बरीच जास्त, आणि भाताच्या तुसाची तर १५ ते २० ग्रॅमसुद्धा. अजून एक, चार पेलेट ग्लासभर पाण्यात टाका, फुगून भुसा झाला की तळाचा गाळ बोटांत चोळा, करकर लागली तर माती मिसळलीय, ती गोणी परत करा. पेलेट मोडताना कट्‌कन तुटायला हवी, दाबल्यावर भुगा होत असेल तर ओल धरलीय. ओलावा १० टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणून पावसाळ्यात गोण्या फरशीवर किंवा भिंतीला टेकवून नको, लाकडी फळ्यांवर ठेवा.

पातेल्याच्या बुडाला बाहेरून मातीचा लेप द्या, आपल्या आज्या चुलीवर तेच करायच्या, काजळी लेपाबरोबर निघते आणि भांडी घासणारीचे हात वाचतात.

रात्री शेगडीत पाणी ओतून विझवू नका, तापलेली जाळी तडकते आणि वाफेने हात भाजतो. राख पत्र्याच्या झाकणवाल्या डब्यात घराबाहेर ठेवा, आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, त्यामुळे गरम राख घंटागाडीत टाकणं म्हणजे त्या लोकांच्या जिवाशी खेळ आहे. गार राख झाडांना चालते पण चिमूटभरच, आपली काळी जमीन आधीच चुनखडीची.

प्रश्न : निफाडच्या थंडीत रात्री हीच शेगडी खोलीत ठेवली तर चालेल का? आईला थंडी सहन होत नाही.
— एक वाचक, निफाड

उत्तर : नाही दादा, कृपा करून ठेवू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. निखारे विझत आलेले असतात तेव्हा तर तो जास्तच होतो, म्हणजे "आता विझलीच आहे" म्हणून आत आणली तरी धोका आहेच. आईंना गरम पाण्याची पिशवी, कानटोपी, पायमोजे आणि जाड गोधडी द्या, खोलीत जाळ नको.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते, तिच्या घरात पेलेटवर चालणारा हीटर आहे, त्याची काच दोन दिवसांत काळी होते.
— एक काका, गंगापूर रोड

उत्तर : काका, तो वेगळा प्रकार, त्यात मोटर पेलेट आत ढकलते आणि धूर पाइपने बाहेर जातो. काच लवकर काळी म्हणजे हवा कमी पडतेय. तिला सांगा, प्लग काढून आणि हीटर गार करून जळणाचं भांडं रोज खरवडायचं, त्याची भोकं मोकळी करायची. दाराच्या कडेच्या, हवा अडवणाऱ्या दोरीत एक नोट अडकवून दार लावायचं आणि ओढून बघायची, सहज निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली. काच ओल्या कागदाला बारीक राख लावून पुसली की लख्ख होते. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नये, निखारा आत गेला तर पिशवी पेट घेते. आणि धुराचा पाइप थंडी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी साफ करून घ्यायला सांगा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आधी.