जर्मनीला जाताय? बार, पीएसआय, किलो आणि पास्कल यांचा हिशेब

तुम्ही विचारलंय: पुण्याच्या कारखान्यातून श्टुटगार्टजवळच्या प्लांटला सहकुटुंब जायचंय, तिथे सगळीकडे बार आणि पास्कल. पाठ काय करायचं, आणि हवेचा गेज, कुकर, बीपीचं मशीन न्यायचं का?

पाठ करायचं फार थोडं आहे. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), १०० किलोपास्कल, आणि आपल्या शॉप फ्लोअरवरचे १.०२ किलो (दर चौरस सेंटिमीटरवर). म्हणजे "पाच किलो प्रेशर" म्हणायची सवय असेल तर रोजच्या कामात पाच बार म्हणा, फरक दोनच टक्क्यांचा. पीएसआयचे बार तोंडी करायचे तर सातने गुणा आणि शंभरने भागा. ३३ चे २.३१ येतील, खरा आकडा २.२८. टायरसाठी एवढं पुरतं.

तिथे पेट्रोल पंपावर हवा आपली आपण भरायची. यंत्र बारमध्ये दाखवतं. गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत असतो, कधी बारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये (२३० म्हणजे २.३ बार). एकट्यासाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा, तेव्हा योग्य ओळ बघा. हा आकडा थंड टायरचा असतो. हायवेवरून उतरून लगेच मोजलं तर जास्त दिसेल. म्हणून हवा सोडू नका.

उलट, थंडीत हवा आपोआप कमी होते. २० अंशांना २.३ भरलेला टायर उणे १० ला साधारण १.९६ वर येतो. गणित सोपं आहे, पण एक पायरी बऱ्याच जणांची चुकते: गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. आधी १ मिळवा, म्हणजे ३.३. मग तापमान केल्विनमध्ये घेऊन (अंशांत २७३ मिळवून) २६३ भागिले २९३ ने गुणा, २.९६. त्यातून १ वजा. थेट २.३ ला गुणलंत तर २.०६ येईल आणि टायर बरा आहे असं वाटेल. पहिल्या कडक थंडीनंतर सकाळी हवा तपासाच.

दुसरी जागा हीटिंगची. बॉयलरवरच्या गोल गेजचा काटा सिस्टिम थंड असताना साधारण दीड ते दोन बारच्या मध्ये असावा. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे जवळपास १ बार. बॉयलर तळघरात, वरचा रेडिएटर दहा मीटरवर, आणि काटा १ वर असेल, तर वर दाब उरतच नाही. रेडिएटर गार राहतो, गुळगुळ आवाज येतो. पाणी भरायचं तर बॉयलर बंद करून गार होऊ द्या. होज आधी पाण्याने भरून घ्या, नाहीतर त्यातली हवा आत जाते. मग नळ हळूच उघडा, काटा जागेवर आला की बंद. रेडिएटरची हवा काढा आणि काटा परत बघा, कारण हवा निघाली की तो उतरतो. गार असताना दीड आणि तापल्यावर थेट ३ कडे जाऊन सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकत असेल, तर बहुधा एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी) हवा गेलेली असते. तिथे पाणी भरत राहून उपयोग नाही. भाड्याच्या घरात यातलं काहीही घरमालकाला विचारल्याशिवाय करू नका.

कुकर: आपला शिट्टीचा कुकर साधारण १५ पीएसआयचा, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा १ बार जास्त, आत १२० अंश. तिकडच्या कुकरच्या माहितीपत्रकात किलोपास्कल बघा. १०० असेल तर आपल्याइतकाच. ६० असेल तर ११३ अंशच, राजमा-छोल्यांना वेळ जास्त द्या. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा इंडक्शन बुडाचा न्या. गॅसची शेगडी मात्र नेऊ नका. आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबारचा, तिथला पाइपचा नैसर्गिक गॅस २० चा; दाब वेगळा, गॅस वेगळा, नोझलही वेगळं.

बीपी तिथेही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात, मशीन बिनधास्त न्या. घरात कोणी झोपेत सीपॅप (श्वासासाठी दाबाने हवा देणारं मशीन) वापरत असेल तर सेंटिमीटर पाणी आणि हेक्टोपास्कल जवळपास एकच: १० चे ९.८.

हवेचा गेज न्या, पण त्यावर बारची पट्टी हवी.

प्लांटमध्ये आकड्याआधी एक प्रश्न विचारा: हा दाब ॲब्सोल्युट (वातावरणाचा दाब धरून) की गेज (त्याच्या वरचा)? ७ बार ॲब्सोल्युट म्हणजे गेजवर ६. कॉम्प्रेसरच्या ऑर्डरमध्ये ही गफलत महागात पडते. जुन्या जर्मन ड्रॉइंगवर 'एटीए' दिसेल किंवा 'एटीयू', ज्यातल्या यूवर दोन टिंबं असतात. दोन्ही आपल्या किलोतच आहेत. पहिला ॲब्सोल्युट, दुसरा गेज.