मिश्रीवाल्या आज्या आणि हिरड्या

प्रश्न: पालखी मुक्कामाला आम्ही डेंटिस्ट नाना पेठेत फुकट तपासणी करतो. मिश्री लावणाऱ्या आज्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, मग हिरड्या चांगल्याच ना? – कोथरूड

उत्तर: छे हो! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यातल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, रक्त कमी येतं नि आजार आत लपून राहतो. सीडीईच्या (डेंटिस्टांच्या चालू शिक्षणाच्या) लेक्चरला हे सांगतात, पण आपण मागे बसून मोबाईल बघत असतो (मीसुद्धा). म्हणून नुसता आरसा फिरवू नका, प्रोब (हिरडीची खोली मोजायची खुणांची बारीक सळई) घाला, सीपीआय (हिरड्यांच्या तपासणीच्या निर्देशांकाच्या) प्रोबचा ३.५ ते ५.५ मिमीचा काळा पट्टा हिरडीखाली जायला लागला की पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) समजा, आणि शुगर आहे का तेही विचारा. स्केलिंग (दातांवरचा थर खरवडून काढणं) मात्र तिथे नको, माऊली पहाटे दिवेघाटाकडे निघणार, फॉलोअप कुठे करणार? चिठ्ठी द्या, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात.