दूरदर्शनवरच्या जुन्या कथामालिकांचे एपिसोड कसे शोधायचे? 'मालगुडी डेज'मधला रोड रोलरवाला भाग एपिसोड नंबरने शोधतोय, सापडत नाहीये. हत्ती ह्याच गोष्टीतला का दुसऱ्या? शेवटही आठवत नाही. 'कथासागर'मधला एक भागही हवाय, बाई खिडकीशी बसलेली एवढंच आठवतंय

रोड रोलरवाली ना, ती 'इंजिन ट्रबल'. आर. के. नारायण यांच्या मूळ कथेचं नावच ते आहे, त्यामुळे नुसतं 'मालगुडी डेज रोड रोलर' टाकून काही हाती लागणार नाही, 'इंजिन ट्रबल' टाका, आणि हिंदीवाले 'इंजन' लिहितात तसंही टाकून बघा. हत्ती ह्याच गोष्टीतला का भलत्या, असं विचारलंय तुम्ही, तर ह्याच. करमणुकीचा खेळ घेऊन आलेल्या कुणाच्या तरी सोडतीत एका साध्या माणसाला बक्षीस म्हणून अख्खा रोड रोलर लागतो, खेळवाला गाशा गुंडाळून जातो, रोलर मैदानात तसाच, मग म्युनिसिपालिटी म्हणते हलवा नाहीतर जागेचं भाडं भरा. हा बिचारा देवळातला हत्ती आणतो, मजूर लावतो, ड्रायव्हर पकडून आणतो, आणि एवढं करून रोलर जाऊन घुसतो कुणाच्या तरी भिंतीत. शेवट आठवत नाही म्हणालात: भूकंप होतो आणि रोलर थेट एका पडीक विहिरीत जाऊन बसतो, आणि ती विहीर बुजवा म्हणून म्युनिसिपालिटी ज्याच्या मागे हात धुऊन लागलेली असते तो मालक उलट ह्याचेच आभार मानतो! हे मूळ कथेतलं सांगतोय, टीव्हीवर थोडं इकडचं तिकडं केलेलं असू शकतं.

आता सापडत का नाही ते. तुम्ही एपिसोड नंबरने शोधताय आणि इथेच सगळे अडकतात. शंकर नाग यांनी केलेले भाग ३९, नंतर २००६ मध्ये कविता लंकेश यांनी आणखी १५ केले, म्हणजे एकूण ५४. कोणाच्या यादीत ३९ असतात, कोणाच्या ५४, कोणी 'स्वामी' नावाच्या मुलाचे भाग आधी एकत्र लावतात आणि बाकीच्यांना पुन्हा एकपासून नंबर देतात. त्यात पहिले १३ भाग इंग्रजीतही बनवले होते, ते कोणी वेगळे मोजतं, कोणी त्यातच धरतं. त्यामुळे एका यादीतला नंबर घेऊन दुसरीकडे गेलात की भलताच भाग निघतो. नंबर सोडूनच द्या.

गोष्ट पकडा. माझी पद्धत साधी आहे, आधी नारायण यांचं 'मालगुडी डेज' पुस्तक घ्यायचं (मराठीतही मिळतं), १९८२ साली निघालेल्या संग्रहात 'इंजिन ट्रबल', 'द मिसिंग मेल', 'ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे' ह्या सगळ्या आहेत, अनुक्रमणिका समोर ठेवायची आणि आपल्याला आठवतंय ते कुठे बसतं ते बघायचं. फक्त मालिका एका पुस्तकावर नाहीये हे ध्यानात ठेवा, 'स्वामी'चे भाग १९३५च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' कादंबरीतले, मिठाईवाल्याचे 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'मधले, तर संग्रहात नाही सापडली म्हणून गोष्ट नव्हतीच असं समजू नका. गोष्टीचं नाव एकदा मिळालं की मग इंग्रजी नाव, त्याचं हिंदी भाषांतर, आणि मुख्य पात्राचं नाव, तिन्ही वेगवेगळे टाकायचे. 'मिसिंग मेल'मधला पोस्टमन तनप्पा लोकांना आठवतो, कथेचं नाव कोणालाच आठवत नाही, तर 'तनप्पा' किंवा 'डाकिया' टाकून बघा.

कसं आठवायचं हा पण प्रश्न असतो लोकांना. कथानक आठवत बसू नका, ते डोक्यात दुसऱ्या मालिकांबरोबर मिसळलेलं असतं. एखादी वस्तू आठवा, रोड रोलर, तार, मातीचा घोडा. वस्तू सहसा चुकत नाही. कलाकारांवर मात्र फार विसंबू नका, तेव्हा तीच तीच मंडळी सगळ्या मालिकांत असायची. अर्थात गिरीश कार्नाड स्वामीचे वडील आहेत म्हटलं की तो 'मालगुडी डेज'च, तिथे शंका नाही.

यूट्यूबवर शोधताना एक करा, २० मिनिटांच्या वरचे व्हिडिओ असा फिल्टर लावा, म्हणजे क्लिपा, रिल्स, 'बचपन की यादें' असले सगळे गळून पडतात. नाहीच मिळालं तर फिल्टर काढून परत बघा, कारण काही जण सुरुवातीचं टायटल आणि शेवटची नावं कापून टाकतात आणि २२-२३ मिनिटांचा भाग २० च्या खाली येतो. हे कापणं मला फार खटकतं. आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं ते 'ता ना ना' शीर्षकसंगीत कापून उरतं काय? आणि नुसत्या हळहळीचा प्रश्न नाही हो, भाग कुठल्या कथेवरून घेतलाय हे कळायची जागा म्हणजे तीच श्रेयनामावली, तीच गायब झाली की शोध तिथेच थांबतो. तेव्हा दोन अपलोड दिसले तर चित्र खराब असलं तरी टायटल असलेला आधी उघडा. वर-खाली कापून आडवा ताणलेला तर शक्यतो नकोच, तेव्हाचा टीव्ही जवळपास चौकोनी, ताणला की माणसं बुटकी दिसतात.

'कथासागर'चं प्रकरण जरा वेगळं आहे. १९८६ ची मालिका, श्याम बेनेगल, कुंदन शाह, वेद राही, सत्येन बोस असे वेगवेगळे दिग्दर्शक, आणि कथा मोपासाँ, चेकॉव्ह, ओ. हेन्री, टॉलस्टॉय वगैरेंच्या. पण सगळं भारतीय करून घेतलेलं, नावं-गावं बदललेली, म्हणून पात्राच्या नावाची युक्ती इथे अर्धीच चालते, पात्र टीव्हीवर वेगळं आणि पुस्तकात वेगळं. इथे उलटं जायचं. तुम्हाला शेवटचा धक्का आठवत असेल ना, तो इंग्रजीत एका वाक्यात लिहून पुढे 'शॉर्ट स्टोरी' टाका, ह्या कथा जगभर शाळांत शिकवतात त्यामुळे मूळ कथा पटकन निघते, मग लेखकाचं नाव अधिक 'कथा सागर' असं शोधा. 'कथासागर' जोडून आणि 'कथा सागर' तोडून, दोन्ही. 'विक्रम और बेताल'ला पण हेच, बेताल, बेताळ, बैताल, वेताल, जो ज्याला सुचेल ते लिहितो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी फारसं सांगत नाही: मालिका कोणाच्या पैशाने झाली ते आधी बघा. १९८४ ला 'हम लोग'पासून प्रायोजित मालिकांचं युग सुरू झालं, त्यात निर्माता स्वतः मालिका काढायचा, जाहिरातदार पैसे द्यायचा, दूरदर्शन फक्त वेळ द्यायचं. अशा मालिकांच्या टेपा आणि हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडे राहिले. 'कथासागर' सिनेव्हिस्टाज ह्या निर्मिती कंपनीची, 'विक्रम और बेताल' रामानंद सागरांची, म्हणून त्या दूरदर्शनच्या दारात शोधण्याआधी निर्मात्याच्या नावाने शोधायच्या. उलट दूरदर्शनने स्वतः स्टुडिओत केलेल्या कार्यक्रमांचं सगळं त्या त्या दूरदर्शन केंद्राच्या लायब्ररीवर अवलंबून, आणि तेव्हा टेप महाग, आयात केलेली, कार्यक्रम झाला की पुसून तिच्यावरच दुसरा. वाचलेलं जे आहे ते प्रसार भारती आर्काइव्ह्जच्या यूट्यूब चॅनलवर थोडं थोडं येतं, २०२० ला डीडी रेट्रो चॅनल आलं तेव्हा बरंच जुनं परत दाखवलं आणि तेव्हा लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलेलंही फिरतंय, नोव्हेंबर २०२४ पासून प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲपही आहे, तिथे एक चक्कर मारा. ओटीटीवर आज असलेलं उद्या जातं, त्यामुळे कोणी 'अमुक ठिकाणी आहे' म्हणालं तर आधी उत्तराची तारीख बघा. 'मालगुडी डेज'च्या डीव्हीडीही निघाल्या होत्या, जुन्या सामानात कुठे संच मिळाला तर सोडू नका, एका भागामागे एक नाव असं नीट छापलेलं असतं तिथे.

तुमच्यासाठी क्रम असा: आज 'इंजिन ट्रबल' शोधून बघून टाका, ते सोपं आहे. 'कथासागर'मधल्या ज्या भागात बाई खिडकीशी बसलेली आठवतेय म्हणालात, तेवढ्यावर काही होणार नाही, खिडकीशी बसलेली बाई निम्म्या जगाच्या साहित्यात आहे. ती कशाची वाट बघत होती आणि शेवटी काय झालं, तेवढं आठवून लिहा, मग बघू.