कथालेखन : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझ्या कथेतल्या निवृत्त हेडक्लार्क अण्णांना ऐकू कमी येतं, पण ते कबूल करत नाहीत. ‘चहा टाकू का?’ विचारलं की ‘पावणेसात’ म्हणतात. असे अकरा प्रसंग आहेत. शेवटी मुलगी कानाचं यंत्र आणते आणि सगळे रडतात. लोक पहिल्या पानावर हसतात, पुढे कंटाळतात. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही बहिरेपणावर हसवताय. हसू यायला हवं अण्णांच्या लपवाछपवीचं. अकरापैकी तीनच प्रसंग ठेवा आणि दरवेळी लपवणं महाग पडू द्या. रशियन कथाकार चेखवची शिंकेची कथा (१८८३) पाहा. कारकून नाटकगृहात शिंकतो, तुषार पुढच्या जनरलच्या टकलावर उडतात. माफी तिथेच मागतो, मग मध्यंतरात, दुसऱ्या दिवशी जनरलच्या भेटीच्या दालनात, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिंक एकच, वाढते ती माफी. जनरल अखेर हाकलून देतो. कारकून घरी येतो, गणवेशासकट कोचावर पडतो आणि मरतो. त्या मरणावर चेखव एक विशेषणही खर्च करत नाही.

तुमच्याकडे पहिला प्रसंग चहाचा. दुसरा चारचौघांतला : बँकेत टोकन पुकारतात, अण्णा पेपरात डोकं घालून बसलेले, खिडकी बंद होते. तिसरा फोनवर. मुलगी सांगते, ‘दिवाळीला जमणार नाही.’ अण्णा ‘वा वा, उत्तम!’ म्हणतात आणि फोन ठेवून जाहीर करतात, ‘येतेय.’ अण्णांच्या बायकोला, माईंना, मुलीने सकाळीच खरं सांगितलंय. त्या काही न बोलता करंज्यांसाठी नारळ खवायला घेतात. कथा तिथेच संपवा. यंत्र आणि रडारड काढून टाका.

मात्र माई सांभाळून घेतात, हे चहाच्या वेळीच दिसायला हवं. ‘चहा ना? दोघांनाही टाक गं,’ असं त्यांनी सुनेला मोठ्याने म्हणावं, म्हणजे अण्णांच्या कानावर पडेल. दोन ओळी पुरतात. हे आधी पेरलं नाही, तर नारळ नुसता नारळच राहतो. ‘बिचारे’, ‘केविलवाणे’ शोधून खोडा. कीव निवेदकानेच करून टाकली की वाचकाला काही उरत नाही.

प्रश्न : पात्राचं नाव विनोदी ठेवू का?

उत्तर : शक्यतो नको. चेखवच्या त्या कारकुनाचं आडनाव चेर्व्याकोव्ह, रशियन ‘किडा’ या शब्दावरून. पण ती कथा जेमतेम दोन-तीन पानांची. दहा पानांच्या कथेत ‘बावळे’ आडनावाचा विनोद दुसऱ्या पानावरच शिळा होतो.